सीटवरची टॉर्च

मोटरसायकलच्या आयडलचा स्क्रू पुन्हा एक आटा चढवलेला होता. रोज सकाळी हेच. किक मारली की गाडी अशी बोंबलायला लागायची की समोरची शिंपीणबाई मशीनचं चाक थांबवून आमच्या दाराकडे बघायची. मग मी खाली वाकायचं, कार्बोरेटरच्या कडेचा तो पितळी स्क्रू बोटाने चाचपून शोधायचा, एक आटा उलटा फिरवायचा, इंजिनाचा घसा बसला की कमरेवर हात ठेवून सरळ व्हायचं आणि वरच्या मजल्याकडे बघून एक शिवी हासडायची. मोठ्याने नाही, मनातल्या मनात. कारण आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. गल्लीत मला 'मोठा' म्हणतात, त्याला 'धाकटा'. आता मोठ्याची पन्नाशी उलटून गेली, धाकट्याचे केस माझ्या आधी पांढरे झाले, तरी नावं तीच. मी लग्नच केलं नाही. त्याने केलं, ते टिकलं नाही. घर वडिलांनी बांधलेलं. खाली मी, वर तो, आणि मधे बाहेरच्या बाजूने गेलेला लोखंडी जिना. आईची खोली खालीच, माझ्या खोलीला लागून. तिला कुलूप.

भांडण त्या खोलीवरून झालं. आई गेली आणि दहाव्या दिवसाच्या आत याने तिची खाट दवाखान्यातल्या आयाला देऊन टाकली. मला न विचारता! मी कामावरून आलो तर खोलीत खाटेच्या चार पायांचे चार गोल डाग, बाकी काही नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणालो, "तुला सगळ्याचीच घाई." तो म्हणाला, "तू बस सगळं धरून." एवढंच. एवढ्यावर दोन बापये माणसं पाच-सहा वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून एका घरात राहिली. सांगितलं तर लोक हसतात. हसू द्या. ज्याच्या घरात असं काही नसेल त्याने पोटभर हसावं.

मोटरसायकलही वडिलांचीच. ती कोणी सोडायला तयार नव्हतं, आणि सोडायची वेळही आली नाही, कारण मी दिवसा कामाला आणि तो रात्री. मी चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात, तो शीतगृहात रात्रपाळीला. संध्याकाळी मी यायचो, गाडी जिन्याखाली डबल स्टँडवर लावायचो, किल्ली जिन्याच्या खांबावरच्या खिळ्याला. जेवण उरकेपर्यंत वरून बुटांचा आवाज यायचा, किल्ली खळखळायची, किक, आणि तो गेला. पहाटे कधीतरी परत. मी चहा टाकेपर्यंत वर त्याचं दार लागलेलं असायचं. दिसायचा फक्त सुट्टीच्या दिवशी, तोही पाठमोरा, कपडे वाळत घालताना.

आता एक गाडी आणि दोन स्वभाव. मी बुटका, तो ताडमाड. गाडीला आरसा एकच, उजवा, डावा कधीचाच फुटला. मी तो आरसा माझ्या उंचीला लावायचो, तो त्याच्या उंचीला. त्याने लावलेल्या आरशात मला नुसतं आभाळ दिसायचं, आणि माझ्या आरशात त्याला बहुतेक डांबर दिसत असणार. क्लचचंही तेच. माझी बोटं आखूड, मला लिव्हर दाबला की लगेच लागायला हवा, नाण्याच्या जाडीएवढी ढील बास. त्याला लांब बोटांमुळे ढिला क्लच लागायचा. केबलच्या तोंडाशी जी खाचांची गोल चकती असते ना, ती हाताने फिरते, पाना लागत नाही. ती मी सकाळी घट्ट करायचो, तो रात्री सैल करायचा. आणि आयडल, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन किती जोरात चालावं ते. शीतगृहातून बाहेर आलेल्या माणसाला इंजिन मोठ्याने हवं असतं म्हणे, गारठलेल्या हातांनी सारखी रेस द्यावी लागू नये म्हणून. हे मला कळायला दोन वर्षं लागली. कळल्यावरही शिवी घालायचो ती घालायचोच.

पण बिघाडाच्या बाबतीत आमच्यात तंटा नव्हता. तिथे बाबांचा कायदा चालायचा. बाबांना मेकॅनिककडे गाडी नेणं म्हणजे स्वतःचं नाक दुसऱ्याकडून शिंकरून घेण्यासारखं वाटायचं. आम्ही शाळेत होतो तेव्हापासून त्यांनी नियम घालून दिला होता: ज्याला बिघाड कळेल त्याने त्या बिघाडाचं हत्यार सीटवर ठेवायचं. बोलायचं नाही, बोंबलायचं नाही. चेन ढिली असेल तर मागच्या चाकाचा मोठा पाना. प्लग मिसफायर करत असेल तर प्लगपाना. हवा कमी असेल तर पंप. दिवा गेला तर जुना बल्ब, बॅटरी रुसली तर जुना टूथब्रश. आणि ज्या कामाला दुसरा माणूस लागेल, एकट्याने व्हायचं नाही, त्याला टॉर्च. सीटवर टॉर्च दिसली की आम्ही दोघांनी हातातलं सोडून खाली यायचं. एकाने उजेड धरायचा, दुसऱ्याने नट वाटीत सांभाळायचे. उजेड हलला की बाबा म्हणायचे, "झोपलास का रे?"

बाबा गेले, आई गेली, बोलणं गेलं, पण हत्यारं सीटवर येतच राहिली. सकाळी मोठा पाना दिसला की मी समजायचो, रात्री चेन मडगार्डला घासली. मग गाडी डबल स्टँडवर, खालच्या बाजूची चेन मधोमध बोटाने वर उचलून बघायची. दोन बोटं हलली तर ठीक, चार हलली तर ढिली. एक्सलचा नट सैल, दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखेच आवळायचे, चाक धरणाऱ्या चिमट्यावरच्या खुणा दोन्हीकडे जुळल्या की पुन्हा नट घट्ट. खुणा जुळल्या नाहीत तर चाक तिरकं बसतं आणि टायर एका बाजूने खात सुटतो. हे झालं की रॉकेलमध्ये बुडवलेला ब्रश, जुनं फडकं, वरून तेल. संध्याकाळी मी प्लगपाना ठेवला असेल तर सकाळी गाडी एका किकमध्ये. म्हणजे पहाटे आल्यावर, इंजिन गार व्हायची वाट बघत, डोळ्यांवर झोप असताना याने प्लग काढला, काजळी पॉलिश पेपरने घासली, करवतीच्या पात्याने टोकांमधली गॅप बघितली आणि परत बसवला. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, कारखान्यात दिवसभर कोणी माझ्याशी काचेच्या नंबरापलीकडे बोलत नाही. घरी येऊन सीटवर काय आहे ते बघणं, एवढीच काय ती माझी दिवसाभराची ओढ.

एकदा मी तापाने पडलो होतो. गाडी दिवसभर हलली नाही. संध्याकाळी दाराशी गोळ्यांची पट्टी आणि ब्रेडचा पुडा. दार वाजवलं नव्हतं. मी पण थंडी सुरू झाली की हँडलच्या दोन्ही मुठींना जुन्या स्वेटरच्या बाह्या शिवून घेऊन चढवायचो, त्याची बोटं आखडू नयेत म्हणून. शिवून द्यायची शिंपीणबाई. ती म्हणायची, "एवढी काळजी, मग एक शब्द बोलायला काय तोंडाला फोड आलाय?" मी म्हणायचो, "तुम्ही टाके नीट घाला." तिला माझा स्वभाव माहीत आहे, ती हसून घ्यायची.

तर त्या सकाळी सीटवर टॉर्च होती.

बाबांची नव्हे, ती कधीच गंजली. नवी, काळी, वरच्या मजल्यावरची. मी हातात घेतली, उलटसुलट बघितली. आता तुम्ही म्हणाल, नियम तूच तर सांगितलास, टॉर्च म्हणजे दुसरा माणूस. अहो, पण इतक्या वर्षांत टॉर्च कधी आलीच नव्हती! आली असती तर कोणी कोणाला बोलावलं असतं? आणि दिवा खरंच मंद होता, मला चार दिवसांपासून जाणवत होतं. माझ्या डोक्यात एकच आलं, हेडलाइट. मी कामावरून येताना नवा बल्ब आणला, काच काढली, आतलं भांडं पुसलं, बल्बला बोट लागू नये म्हणून फडक्याने धरून बसवला. काम झालं की हत्यार परत करायचं, हाही कायदाच. टॉर्च जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्च परत सीटवर. मला राग आला. नवा बल्ब घातला तरी याचं समाधान नाही? संध्याकाळी बॅटरीचं झाकण काढलं. टर्मिनलला पांढरी बुरशी धरली होती. गरम पाणी ओतून ब्रशने घासली, कोरडी केली, वायरी आवळून वरून पेट्रोलियम जेली लावली. दिवा लावला तर समोरच्या भिंतीवरचे पोपडे मोजता येतील असा उजेड. मी स्वतःवर खूष. टॉर्च पुन्हा पायरीवर.

आणि पुढच्या सकाळी पुन्हा सीटवर!

मग मात्र माझं डोकं सटकलं. म्हटलं, याला दिव्यात काय दिवे लावायचेत? मी तीच टॉर्च उघडली. सेल उतरलेले होते, पिवळा उजेड पडत होता. वा! म्हणजे साहेबांची टॉर्च बंद पडली आणि ती दुरुस्त करायला माझ्या माथी. मी नवे सेल आणले, घातले, झाकण फिरवलं आणि टॉर्च पायरीवर अशी आपटून ठेवली की वर ऐकू गेलं पाहिजे. गेलं असणार. कारण त्यानंतर टॉर्च आली नाही. सीटवर काहीच आलं नाही. ना पाना, ना पंप. आयडल मात्र रोज चढवलेलं असायचं आणि मी रोज उतरवायचो, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही.

असे दोन-तीन आठवडे गेले.

मग तो दिवस. सकाळी गाडीजवळ आलो तर गाडी लखलखत होती. चेनवर ताजं तेल, एक थेंब रिमवर उडालेला नाही. टायर टणक. मागच्या ब्रेकचा नट आवळून पेडल मला हवं तिथे आणलेलं. एअर फिल्टरचं झाकण उघडून बघितलं तर फोम धुऊन, तेलाचा हात फिरवून बसवलेला. टाकी काठोकाठ. किक मारली आणि शिंपीणबाईने मान वर केली नाही. इंजिन हलक्या आवाजात चालू होतं, मला आवडतं तसं. स्क्रू चढवलेला नव्हता. क्लच दाबला. नाण्याएवढी ढील.

"आला एकदाचा ताळ्यावर," मी म्हणालो आणि निघालो.

खरं सांगतो, मजा आली. गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडत होते. मी गुणगुणतसुद्धा होतो. मोठ्या चौकात लाल दिव्याला थांबलो आणि सवयीने उजवा हात आरशाकडे गेला. रोज तिथेच मी तो माझ्याकडे वळवतो, घरातून निघताना विसरतो म्हणून. हात अर्धवट राहिला. आरशात मागचा टेम्पो दिसत होता. त्याचा ड्रायव्हर दिसत होता, जांभई देताना. सगळं नीट दिसत होतं. आरसा माझ्या उंचीला लावलेला होता.

मी क्लच पुन्हा दाबून बघितला.

ही गाडी आज रात्री त्याला चालवायची असती तर त्याने हे केलंच नसतं. आरसा माझ्याकडे, क्लच माझा, आयडल माझं, ब्रेक माझा. त्याचं या गाडीत काहीच ठेवलेलं नव्हतं. माणूस भाड्याची खोली सोडताना झाडून, पुसून, खिळेसुद्धा उपटून जातो ना, तसं. दिवा हिरवा झाला, मागचा टेम्पो हॉर्न मारून मारून दमला, मला गिअर टाकायचं सुचेना. मग गाडी वळवली आणि उलट दिशेने सुटलो. कारखान्याला आयुष्यात पहिल्यांदा न सांगता दांडी.

गल्लीत शिरलो तर शिंपीणबाई दारातच. "बरं झालं बाई, आलात! मला वाटलं धाकट्याला सोडायलासुद्धा जाताय की नाही. दुपारच्याच बसने निघालाय ना?"

"कुठे?"

तिच्या तोंडातली टाचणी खाली पडली. "अहो, शीतगृह हलतंय नाही का दुसऱ्या शहरात. सगळ्या गल्लीला माहितीये. तुम्हाला..." नेहमी जिची कात्री आणि जीभ एकाच वेळी चालते ती बाई गप्प झाली, त्यावरून माझा चेहरा कसा झाला असेल बघा.

गाडी जिन्याखाली लावली. वरून काहीतरी ओढल्याचा आवाज येत होता. वर जायला बावीस-पंचवीस पायऱ्या असतील. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि काढला. काय म्हणणार होतो? इतक्या वर्षांनी पहिला शब्द कोणता बोलायचा? हात मात्र सवयीने गाडीला लटकवलेल्या हत्यारांच्या पिशवीत गेला, आणि अगदी वरच, पान्यांवर आडवी, ती काळी टॉर्च. त्याने ती माझ्यासाठी ठेवून दिली होती. मी बटण दाबलं. मीच घातलेले नवे सेल, पांढराशुभ्र उजेड.

तेव्हा कुठे माझ्या मठ्ठ डोक्यात प्रकाश पडला. बाबांचा आवाज कानात आला म्हणा ना. एकट्याने व्हायचं नाही त्याला टॉर्च. दिव्यासाठी जुना बल्ब असतो रे गाढवा, टॉर्च नव्हे. धाकटा मला बोलावत होता. रोज सकाळी बोलावत होता, आणि मी बल्ब बदलत होतो.

मी टॉर्च सीटवर ठेवली. भर उन्हात. आणि हॉर्नवर अंगठा ठेवला तो उचललाच नाही.

वरचं दार उघडलं. तो कठड्याशी आला, बनियनवर, हातात सुतळीचा गुंडा. रागाने खाली बघितलं आणि मग सीटकडे बघितलं. मी हॉर्न सोडला. तो सुतळी कठड्याला अडकवून हळूहळू जिना उतरला.

"काय झालंय?" तो म्हणाला.

आवाज बाबांसारखा झाला होता त्याचा. बसका. मला माहीतच नव्हतं.

"एकट्याने होत नाहीये," मी म्हणालो. "धर जरा."

"दादा, ऊन आहे."

"असू दे. धर म्हणतो ना."

त्याने टॉर्च उचलली, लावली आणि इंजिनावर धरली. उन्हात तो उजेड दिसतही नव्हता. मी प्लगपाना घेतला, उकिडवा बसलो, टोपण उपसलं, पाना बसवून फिरवला. काय शोधत होतो मलाच माहीत नव्हतं. प्लग सुटला तसा मी तो बोटांनी धरला आणि ओरडलो. आत्ताच गाडी चालवून आणलेली, प्लग निखाऱ्यासारखा.

"अरे गरम आहे ना तो!" धाकटा खेकसला. "अक्कल कुठे गहाण टाकलीस? बाबांनी पहिलीच गोष्ट काय शिकवली होती?"

"तू उजेड नीट धर. झोपलास का रे?"

हे माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. तो हसला. नाकातून, लहानपणी हसायचा तसा. मीही हसलो. मग त्याचं हसू थांबलं आणि त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं. टॉर्च इंजिनावरून सरकली होती.

प्लग खाली फरशीवर पडला होता. त्याचं टोक फिकट तपकिरी, कोरडं, असावं तसं.

"प्लग चांगला आहे," मी म्हणालो.

"कालच साफ केलाय."

"गॅप?"

"पात्याने बघितली." मग म्हणाला, "मी टॉर्च ठेवली होती, दादा."

"मी बल्ब बदलला."

"माहितीये. सेलपण घातलेस."

"मला वाटलं दिवा मंद आहे."

"दिवा मंदच होता," तो म्हणाला. "पण मला वाटलं, तू मुद्दाम करतोयस. मला वाटलं तुझं उत्तर आहे ते. तुझा उजेड तुझ्यापाशी ठेव, असं."

मी कपाळावर हात मारून घेतला. भाजलेलं बोट कपाळाला लागलं, डोळ्यांत पाणी आलं. बोटाने आलं असं म्हणू या.

"काय सांगायचं होतं?" मी विचारलं.

"सांगायचं नव्हतं. विचारायचं होतं." तो जिन्याच्या पायरीवर बसला. "शीतगृह तिकडे चाललंय, येणार का म्हणाले. मी म्हटलं, विचार करून सांगतो. म्हटलं, दादाला विचारावं. तो नको म्हणाला तर इथेच दुसरं काहीतरी बघावं. पण दार वाजवायला हात उठेना. जिना उतरायचो, तुझ्या खोकल्याचा आवाज ऐकायचो, परत वर. मग टॉर्च ठेवली."

"मग आता सांगतो ना. नको जाऊ."

"आता होकार देऊन बसलोय. तिकडे खोली घेतलीय. सामान पुढे गेलंय कालच, ही शेवटची बॅग." तो टॉर्च विझवून पुन्हा लावत होता. "तेव्हा म्हणाला असतास नको म्हणून?"

"म्हणालो असतो. तुझ्याशिवाय कोण आहे रे मला?"

"मग नसतो गेलो," तो म्हणाला.

समोर मशीन चालू झालं. शिंपीणबाई काहीतरी शिवत होती किंवा नुसतंच चाक फिरवत होती. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो, तो पायरीवर, मी फरशीवर. इंजिन थंड होताना टिकटिक वाजत होतं. थोड्या वेळाने तो उठला, नळ सोडला, म्हणाला, "बोट धर पाण्याखाली." मी धरलं. त्याने प्लग फडक्याने उचलला, आधी हाताने आटे जुळवून फिरवला, मग पान्याने हलकेच आवळला. प्लग नेहमी आधी हाताने बसवायचा, नाहीतर आटे जातात. मी बघत होतो. सगळं बाबांसारखंच.

"गाडी तू घेऊन जा," मी म्हणालो.

"नको. इथेच असू दे तिला. मला यायला काहीतरी कारण पाहिजे ना."

"मी कारण नाही?"

"तू आहेस रे. पण तुझ्या तोंडाचा काय भरवसा, उद्या परत बंद पडलं तर?"

बस स्टँडपर्यंत त्याने चालवली, मी मागे, मांडीवर त्याची बॅग. निघण्याआधी त्याने आरसा त्याच्या उंचीला वळवला, आयडल एक आटा चढवलं. गाडी बोंबलायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा मला तो आवाज गोड लागला. वाटेत मी त्याच्या खांद्याला धरलं होतं. हाडं लागली हाताला. केव्हा एवढा वाळला हा, मला कळलंच नाही.

स्टँडवर उतरला, बॅग घेतली, आणि सवयीने हात पुढे करून आरसा माझ्याकडे वळवायला लागला. मी त्याच्या हातावर चापट मारली.

"राहू दे."

"मागचं दिसणार नाही तुला."

"तू आल्यावर वळव. मी हात लावणार नाही."

"वेडा आहेस का? कोणीतरी मागून ठोकेल."

"मग लवकर ये," मी म्हणालो.

बस आली. तो खिडकीत बसला, काच अडकली होती, ती त्याने खालून ठोसा मारून उघडली. बाहेर हात काढून काहीतरी म्हणाला, बसच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी मान डोलावली.

संध्याकाळी मी किल्ली खिळ्याला अडकवली. जेवताना वरच्या बुटांच्या आवाजाची वाट बघत होतो, घास हातात. मग आठवलं. आईच्या खोलीचं कुलूप काढलं, खिडकी उघडली, परत लावली. दुसरं काही सुचलं नाही.

सकाळी गाडीजवळ गेलो. सीटवर काही नव्हतं. क्लच कोणी फिरवलेला नव्हता. किक मारली, बस स्टँडवरून येताना मी उतरवलेलं आयडल तसंच खाली होतं. शिंपीणबाईने वर बघितलं नाही. मी बराच वेळ गाडी चालू ठेवून तिथेच उभा राहिलो. इतकी नीट गाडी मला कधीच नको होती.

आता मी एक करतो. संध्याकाळी किल्ली अडकवण्याआधी खाली वाकतो आणि स्क्रू एक आटा चढवून ठेवतो. सकाळी किक मारली की गाडी बोंबलते, बाई मशीन थांबवून बघते, मी वरच्या मजल्याकडे तोंड करून शिवी घालतो, आता मोठ्याने घालतो, आणि एक आटा उतरवतो. आरशाला मात्र हात लावलेला नाही. त्यात अजून आभाळच दिसतं. वळताना मान फिरवून मागे बघावं लागतं, मान दुखते. परवा त्याचा फोन आला होता, विचारत होता, आरसा लावून घेतलास का. मी म्हणालो, एकट्याने होत नाही.